नील बेटावर काहीही न करण्याचा दिवस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंदमानहून परत येऊन वर्ष झालं, तरी फोन थांबत नाहीत. सेल्युलर जेल, राधानगरचा किनारा, स्कूबा डायव्हिंग यांची चौकशी दोन मिनिटांत आटोपते आणि मग आवाज जरा खाली येतो. "तुम्ही म्हणे नीलला एक दिवस नुसते पडून होतात?" होतो. आम्ही चौघं: मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा आणि बहात्तर वर्षांच्या सासूबाई. प्रश्न तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवते आहे.

नुसतं पडून राहायला एवढ्या लांब कशाला जायचं? घरी काय खाट नाही?

हा प्रश्न मूळचा सासूबाईंचा, निघायच्या आधीचा. घरी खाट आहे, पण घरी दळण आहे, दाराची बेल आहे आणि गॅसवर ठेवलेलं दूधही आहे. घरात माणूस आडवा पडला तरी कान उभेच असतात.

अंदमानचा ठरलेला दौरा पाच रात्री, सहा दिवसांचा. रात्री झोपमोड करून विमानतळ गाठायचा, मधे कुठे तरी विमान बदलायचं, उतरल्या दिवशीच जेल, दुसऱ्या दिवशी रॉस बेट, मग बोट, किनारा, बोट, किनारा, बोट. रोज पहाटे कोणी तरी दार वाजवून "बॅगा बाहेर ठेवा" सांगतो. माझी वहिनी असल्याच दौऱ्याहून परतल्यावर दोन दिवस झोपली होती. मी तेव्हाच ठरवलं की त्यातला एक दिवस आपण सोडवून घ्यायचा.

नील की शहीद द्वीप? तिकिटावर नेमकं काय असतं?

दोन्ही एकच. ३० डिसेंबर २०१८ रोजी नील बेटाचं नाव शहीद द्वीप, हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं. तारीख मुद्दाम निवडलेली होती: ३० डिसेंबर १९४३ ला नेताजींनी पोर्ट ब्लेअरमध्ये तिरंगा फडकवला, त्याला त्या दिवशी ७५ वर्षं झाली. शहीद आणि स्वराज ही नावं त्यांनीच सुचवलेली. २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचंही श्री विजयपुरम झालं. बोलताना मात्र सगळे अजून नील, हॅवलॉक, ब्लेअर असंच म्हणतात, म्हणून मीही म्हणते. बेटाला ज्याचं नाव होतं तो नील हा १८५७ मधला ब्रिटिश लष्करी अधिकारी. अलाहाबाद आणि कानपूरला त्याने लोकांचे जे हाल केले ते वाचलं, तर नाव गेल्याचं दुःख कोणाला होणार नाही.

गावांची नावं मात्र सुरेख आहेत: सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर. १९६० नंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांना इथे जमिनी देऊन वसवलं. "शत्रुघ्नाचं गाव कुठाय?" हे सासूबाईंनी बोटीवरून उतरता उतरता विचारलं. मला सापडलं नाही.

हा रिकामा दिवस हॅवलॉकला का नाही? तिथला किनारा जास्त प्रसिद्ध आहे ना?

म्हणूनच नाही. राधानगरचा किनारा देखणा आहे, जरूर बघा. पण हॅवलॉकला गेलं की करण्यासारखं इतकं समोर येतं की हात शिवशिवतात. डायव्हिंग, कयाक, एलिफंट बीचची बोट. नील लहान आहे. २०११ च्या जनगणनेत लोकवस्ती तीन हजारांच्या आसपास. बाजार म्हणजे एक रस्ता, आणि मोह पडावा असं त्यात फारसं काही नाही. आळशी माणसाला ही फार मोठी सोय आहे.

पण नील तीन तासांत "बघून होतं" असं टूरवाले सांगतात. मग रात्री राहायचं कशाला?

खरंच होतं. सकाळी बोटीने यायचं, जीपमधून भरतपूर, नैसर्गिक पूल आणि लक्ष्मणपूर उरकायचं, दुपारी परत. दहा ते दोन या वेळात भरतपूरला जत्रा असते. काचेच्या तळाच्या बोटी, जेट स्की, शिट्ट्या, "साहब, कोरल देखेंगे?"

मग दुपारच्या बोटी सुटतात आणि बेट एकदम मोकळं होतं. लग्नघरातून वऱ्हाड निघून गेल्यावर मांडवात जशी शांतता पसरते, तशी. राहणाऱ्यालाच ती मिळते.

दिवस किती वाजता सुरू करावा?

तुम्ही नाही करायचा, तो आपोआप होतो.

घड्याळ भारताचंच, पण ते ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेलं. अंदमान ९३ अंशांवर आहे, मुंबई ७३ च्या जरा अलीकडे. एका अंशाला चार मिनिटं धरली तर मुंबई आणि नीलच्या सूर्यात जवळजवळ ८० मिनिटांचा फरक पडतो. आम्ही फेब्रुवारीत गेलो होतो. सव्वापाचला फटफटलं, पावणेसहाच्या सुमारास सूर्य वर. त्या दिवसांत रत्नागिरीत उजाडायला सात वाजून जातात.

याचा फायदा लोकांच्या लक्षात येत नाही. नीलला साडेसहाला उठणारा माणूस उन्हं अंगावर आल्यावर उठलेला असतो, म्हणजे आळशीपणाचं पूर्ण समाधान. आणि घड्याळात साडेसहाच असल्यामुळे अपराधी वाटत नाही.

उलट बाजूने सव्वापाच-साडेपाचला सूर्य बुडतो आणि सहा-सव्वासहाला अंधार. "संध्याकाळी सहाला फिरायला जाऊ" असं म्हणाल तर बॅटरी घेऊन जावं लागेल.

काहीच करायचं नसेल तर भरती-ओहोटी कशाला बघायची?

कारण त्या बेटावर वेळापत्रक असलंच तर पाण्याचं आहे. एवढं एक कळलं की बाकी काही ठरवावं लागत नाही.

ओहोटीला भरतपूरला पोहायला जाल तर गुडघाभर पाणी आणि पायाखाली टोचणारे प्रवाळ. तिथे पोहायचं भरतीला. लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या किनाऱ्यावरचा खडकाचा नैसर्गिक पूल नेमका उलटा: तिथे ओहोटीलाच जायचं, कारण वाट खडकांतून आणि डबक्यांतून आहे. या पुलाला स्थानिक बंगाली लोक हावडा ब्रिज म्हणतात. मुळात प्रवाळाच्याच दगडाची ती कमान आहे. खालच्या डबक्यांत खेकडे, लहान मासे, समुद्रकाकडी म्हणतात ते काळे लांबट प्राणी. हात न लावता तास निघून जातो.

आमच्या आजोळी, देवगडकडे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार. मी मोठ्या तोऱ्यात नीलला हाच हिशेब मांडला. पाणी त्याच्या दोन-अडीच तास आधीच चढून बसलं. आजोबांचं गणित आपल्या किनाऱ्यापुरतंच होतं. रोज साधारण ५० मिनिटं वेळ पुढे सरकते, एवढं मात्र दोन्हीकडे सारखं, चंद्र एकच असल्यामुळे. राहण्याच्या ठिकाणी विचारा. बोटवाल्या पोरांना त्या दिवसाच्या वेळा तोंडपाठ असतात.

बरं, मग तुम्ही नेमकं केलंत काय? तासातासाचं सांगा.

तासातासाचं सांगता आलं असतं तर तो दिवस फसला असता. आठवतं ते असं.

सकाळी ओहोटी होती. दोन सायकली भाड्याने घेतल्या होत्या. नवरा आणि मुलगा पुलाकडे गेले, मी आणि सासूबाई झोपडीबाहेरच्या बाकावर. समोर भाताची रिकामी खाचरं, केळी, सुपारी, कोणाची तरी गाय. सासूबाई म्हणाल्या, "हे तर आपलंच." खरंच, समुद्राकडे पाठ केली तर नील कोकणातलं एखादं गाव वाटतं. फक्त कौलांऐवजी पत्रे.

नऊनंतर रामनगरच्या किनाऱ्याला गेलो. पाण्यापर्यंत वाकलेली मोठी झाडं आहेत, समुद्री महुआ म्हणतात त्यांना. सावली इतकी दाट की वाळू गार. मुलाने खड्डा खणायला घेतला. मी एक जाडजूड पुस्तक नेलं होतं, त्याची उशी चांगली झाली.

वाळू पांढरी का, हा मुलाचा प्रश्न. आपल्याकडची वाळू दगडाची, नदीने आणलेली. इथली मुख्यतः प्रवाळाच्या आणि शिंपल्यांच्या चुऱ्याची. त्यात पोपटमाशाचाही वाटा. तो चोचीसारख्या दातांनी प्रवाळ कुरतडतो, त्यातलं शेवाळ पचवतो आणि उरलेला चुना मागून वाळू होऊन बाहेर पडतो. हे ऐकल्यावर पोराने पुढचा अर्धा तास "आपण माशाच्या शीवर बसलोय" हेच सगळ्यांना सांगितलं, अगदी शेजारच्या कोलकात्याच्या काकांनाही.

दुपारी जेवण आणि मग वामकुक्षी. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, मी झोपले होते.

उठलो तेव्हा दिवसभराचे प्रवासी परतीला लागले होते. भरतपूरला पाणी अजून बऱ्यापैकी होतं. तासभर नुसते पाण्यात बसलो, म्हशी बसतात तसे. मग लक्ष्मणपूरला सूर्यास्त. तो सगळे सांगतात तेवढा चांगला आहे, जास्त लिहीत नाही.

रात्री आठच्या पुढे मात्र कमाल. चंद्र उशिरा उगवणार होता. मृग डोक्यावर, त्याच्या मागे व्याध, आणि दक्षिणेला अगस्त्य चांगला वर चढलेला. नील जवळपास १२ अक्षांशांवर असल्यामुळे अगस्त्य तिथे आपल्यापेक्षा उंच दिसतो. मार्चअखेरीस गेलात तर रात्री अकरा-साडेअकराला त्याच दिशेला त्रिशंकूही दिसेल. आम्ही नऊलाच झोपलो.

सेल्युलर जेल बघून आल्यावर असं लोळणं बरं दिसतं का?

हा प्रश्न फोनवर कोणी थेट विचारत नाही, पण रोख असतो. मराठी माणूस अंदमानला जातो तो आधी सावरकरांच्या कोठडीपुढे उभा राहायला, आणि आम्हीही तसेच गेलो.

१८९६ ते १९०६ मध्ये बांधलेला तो तुरुंग, मुळात सात पाखांचा, त्यातले आज तीन उभे. सावरकर तिथे १९११ मध्ये पोहोचले, १९२१ पर्यंत होते. ते बघून झाल्यावर आमच्यापैकी कोणीच बोललं नाही. दुसऱ्या दिवशी रॉस, मग हॅवलॉक. बोलायला उसंतच नव्हती.

बोलणं झालं ते नीलला. बाजारात एक म्हातारा कोयत्याने शहाळी सोलत होता. सासूबाई त्याच्या हाताकडे बघत बसल्या आणि म्हणाल्या, "याच नारळाचं तेल काढायला लावायचे ना रे त्यांना, कोलूला जुंपून?" मग मुलाने विचारलं, किती? दिवसाला ३० पौंड. पौंड म्हणजे? असं करत करत तास गेला. लाइट अँड साउंडच्या कार्यक्रमात पोरगा पेंगत होता, इथे त्याने सगळं ऐकलं.

शाकाहारी माणसाचे हाल होतात का?

उलट. नीलला अंदमानचा भाजीचा मळा म्हणतात, इथली भाजी बोटीने पोर्ट ब्लेअरला जाते. बाजारातल्या साध्या खानावळीत भात, डाळ, भाजी, बटाट्याचे काप, एखादी चटणी पोटभर मिळते. पोळी मागाल तर मिळेल, पण ती मागू नका.

मासे खाणाऱ्यांनी सुरमई किंवा कुपा मोहरीच्या रश्शात करायला सांगावा. नारळाची एवढी झाडं असून कालवणात नारळ नाही, याचं मला जरा वाईट वाटलं. नवऱ्याने तीनदा भात घेतला. सकाळी सांगून ठेवलं तर दुपारी वेळेवर येतं. आयत्या वेळी सांगितलं तर तासभर लागतो, आणि घाई करून उपयोग होत नाही. शहाळ्याला तिथे "डाब" म्हणतात. मलई हवी असेल तर तसं आधी सांगा.

पोहता येत नाही. तरी चालेल?

चालेल. लाइफ जॅकेट घाला, कमरेच्या पुढे जाऊ नका, पायात रबरी चपला ठेवा, कारण प्रवाळाची जखम लवकर भरत नाही. अंदमानच्या पाण्यात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. जिथे पाटी असेल तिथे "काही होत नाही हो" म्हणणाऱ्या काकांचं ऐकू नये.

मुलं कंटाळतात का?

पहिले दोन तास. मग त्यांना खेकडे सापडतात.

मोबाइलला रेंज असते का? ऑफिसचं एखादं काम…

चेन्नईहून अंदमानला समुद्राखालची केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाली. ती पोर्ट ब्लेअरपर्यंत आणि तिथून हॅवलॉकसह सात बेटांवर गेली, पण त्या सातांत नील नाही. फोन लागतो, मेसेज जातात, व्हिडिओ गोल गोल फिरत बसतो. साहेबांना हेच सांगा, खोटं बोलल्यासारखं होणार नाही. रोख पैसे मात्र बरोबर ठेवा, रेंज गेली की यूपीआयही जातं.

आठवण म्हणून दोन शिंपले आणले तर काय होतं?

आणू नका. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडाही उचलून न्यायचा नाही. विमानतळावर बॅगा तपासतात तेव्हा ते काढून घेतात, वर कारवाई होऊ शकते. आमच्या पुढच्या रांगेत एका बाईंची सगळी पिशवी रिकामी झाली. आमच्या चिरंजिवांच्या खिशातूनही एक पांढरा खडा निघाला होता, तो आम्ही जेट्टीवरच समुद्राला परत केला. रडारड झाली.

कधी जावं?

डिसेंबर मध्यापासून एप्रिलपर्यंत. "मान्सून अंदमानात दाखल" ही बातमी आपण दर मेमध्ये वाचून खूश होतो. तिथल्या प्रवाशांसाठी ती बातमी म्हणजे खवळलेला समुद्र. त्यानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीच्या बाजूचा, ईशान्येचा पाऊसही येतो. आपल्यासारखे कोरडे आठ महिने तिथे नसतात. पण खरं सांगू का, हातात बोटीचं बंधन नसेल तर पत्र्यावर वाजणारा पाऊस आणि गरम भात हाही काही वाईट बेत नाही.

बरोबर काय न्यावं?

टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, ऊन लागू नये म्हणून मलम, खोबरेल तेल. वाळूतल्या बारीक माश्या चावतात आणि दोन दिवस खाजतं. चादर एक जादा. ओळखपत्र मूळ, बोटीवर लागतं. पत्ते नेले होते, उघडले नाहीत.

हा रिकामा दिवस दौऱ्यात कुठे बसवायचा?

हॅवलॉकनंतर. तिथे स्कूबा करणार असाल तर पाण्यातून वर आल्यावर निदान १८ तास विमानात बसायचं नसतं. नायट्रोजन अंगात मुरलेला असतो, त्याला सावकाश बाहेर पडू द्यावं लागतं. म्हणजे वैद्यकीय कारणानेच लोळायला मोकळीक. हॅवलॉक ते नील बोटीने तासाभराच्या आतबाहेरचं अंतर, नील ते पोर्ट ब्लेअर वेगवान बोटीने दीड तास, सरकारी बोटीने थोडं जास्त.

आणि बोटच रद्द झाली तर?

होते. वारा वाढला की बोटी बंद, तिथे कोणाची ओळख चालत नाही. म्हणून नील आणि परतीचं विमान यांच्यामध्ये पोर्ट ब्लेअरची एक रात्र ठेवाच.

आमची सकाळची बोट चार तास उशिरा सुटली. जेट्टीवर दोनशे माणसं, सगळी घड्याळाकडे बघत, दोघं-तिघं काउंटरवर वाद घालत. सासूबाईंनी पिशवीतून ती जादा चादर काढली, शेडच्या सावलीत अंथरली आणि डाव्या कुशीवर आडव्या झाल्या. "उठवू नका," म्हणाल्या, "बोट आली की भोंगा वाजेल."